ट्रॅक नंबर ७

आधीच सांगून टाकतो, या गाण्यात एकही शब्द नाही. कुणी गात नाही, कुणी ओरडत नाही, साधं 'ओ बेबी'सुद्धा नाही. साडेआठ मिनिटं फक्त गिटार, बेस गिटार आणि ड्रम्स. रिंगटोन म्हणून ठेवलंत तर पहिला सूर नीट ऐकू येईपर्यंत समोरचा वैतागून फोन कट करेल. पार्टीत लावलंत तर कुणीतरी हमखास विचारेल, 'बॉस, गाणं कधी सुरू होणार?' तरीही माझ्या यादीत हे गाणं गेली दहा वर्षं पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसलंय.

गाण्याचं नाव 'ओरायन'. बँड मेटॅलिका. अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स', प्रसिद्धी ३ मार्च १९८६. आठ गाण्यांच्या अल्बममधलं हे सातवं. मेटलवाल्यांसाठी यात नवीन काही नाही, ते आत्ताच मान हलवायला लागले असतील. पण हे गाणं मला पुण्याच्या एखाद्या रॉक पबमध्ये किंवा मुंबईच्या कॉन्सर्टमध्ये भेटलेलं नाही. ते भेटलं लातूरमध्ये, औसा रोडवरच्या एका मोबाइल शॉपीत, वीस रुपयांत.

सांगतो. २०१४ साली दहावी झाली आणि नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडून माझी रवानगी लातूरला झाली. मराठवाड्यात मुलगा बरे मार्क घेऊन पास झाला की त्याला लातूरला पाठवतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. पहाटे उठायचं, कॉलेज, क्लास, टेस्ट, परत क्लास, रात्री मेसचं जेवण आणि पुन्हा पुस्तक. खोलीत तिघं, भिंतीवर टाइमटेबल. होस्टेलवर स्मार्टफोनला बंदी. घरी बोलायला बटणांचा साधा फोन चालायचा. पण त्या साध्या फोनमध्ये मेमरी कार्ड बसायचं, हे होस्टेलच्या मालकाच्या लक्षात आलं नव्हतं!

तेव्हा मोबाइल शॉपीवाले कार्ड भरून द्यायचे. 'काय टाकू? मराठी, हिंदी, डीजे, भक्ती?' असं विचारायचे आणि अख्खा फोल्डर कॉपी करायचे. मी मोठ्या हिमतीनं म्हणालो, 'इंग्लिश टाका.' त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि 'इंग्लिश मिक्स' नावाचा फोल्डर टाकून दिला. त्यात शकिरा होती, एकॉन होता, लिंकिन पार्क होतं. आणि तळाशी एक फाइल होती, जिला नावच नव्हतं. फक्त 'ट्रॅक ०७'.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरांसाठी इंग्लिश गाणं ऐकणं हा मनोरंजनाचा भाग नव्हता, ती परीक्षाच होती. फिजिक्स अचानक इंग्लिशमधून सुरू झालेलं. 'वेग' म्हणजे 'व्हेलॉसिटी' हे पाठ करता करता पहिले दोन महिने गेलेले. क्लासमध्ये शंका विचारायची तर आधी मनात वाक्य जुळवायचं, ते जुळेपर्यंत सर पुढच्या गणितावर. शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या मुलांना गाण्यांचे शब्द पाठ असायचे. आपण काही गुणगुणायला लागलो की त्यातला एक जण हसत म्हणायचा, 'अरे, लिरिक्स काय आहेत सांग ना जरा.' विषय संपला. मग आपण 'ना ना ना' करत गाण्याचा शेपटीकडचा भाग तेवढा म्हणायचा. गाणं आवडायचं, पण ते आपलं नाही, असं आतून वाटत राहायचं. दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं.

ट्रॅक नंबर ७ मध्ये ही भानगडच नव्हती. शब्द नाहीत, म्हणजे शब्द चुकण्याचा प्रश्नच नाही. उच्चार नाही, अर्थ नाही, 'लिरिक्स सांग' नाही. या गाण्यापुढे इंग्लिश मीडियम आणि जिल्हा परिषद दोघंही एकाच बाकावर. सोळाव्या वर्षी ही केवढी मोठी सोय असते, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

आता गाण्याबद्दल. सुरुवातीला वाटतं, फोन बिघडला. आवाज इतका हळू असतो. मग लांबून काहीतरी येतंय असं वाटायला लागतं. ऑर्गन आहे की व्हायोलिन, कळत नाही. खरं तर तो बेस गिटारचा आवाज आहे, इफेक्ट लावून, थरावर थर चढवून केलेला. मग ड्रम्स येतात आणि भरभक्कम गिटारची रिफ सुरू होते. रिफ म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारा गिटारचा तुकडा. इथं ती चालत्या पलटणीसारखी आहे, घाई नाही, पण थांबणार नाही याची खात्री. चौथ्या मिनिटाच्या आसपास हे सगळं एकदम विरतं. उरतो फक्त बेस. एकटा, सावकाश, काहीतरी आठवत असल्यासारखा. त्यावर हलकेच गिटार येतात, एकीला दुसरी साथ देते आणि हळूहळू पुन्हा सगळं वर चढत जातं. शेवटी सुरुवातीचा जोर परत येतो आणि आवाज कमी होत होत गाणं निघून जातं.

आमच्या खोलीत उदगीरचा एक मुलगा होता. त्याला आम्ही 'उदगीर'च म्हणायचो. त्याचे मामा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे आणि हा लहानपणापासून त्यांच्या मागे फिरलेला. केमिस्ट्रीत आम्ही दोघंही सारखेच, पण कान त्याचे तयार. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तो मेसच्या स्टीलच्या ताटावर बोटं वाजवत बसला. मधला सावकाश भाग आला, तसा म्हणाला, 'थांब थांब. इथं ठेका बदलला बघ. आधी चारचा होता, आता सहाचा झाला. दादरा हाय हा!' मी परत लावलं, मोजलं. खरंच सहा. आणि वर त्याचं आणखी एक म्हणणं, 'अन् हे बारक्या तारांचं नाही, जाड तारांचं हाय. हा मागं उभा राहणारा माणूस आज पुढं आलाय.'

काही वर्षांनी मी या गाण्याबद्दल बरंच वाचलं. उदगीरनं ताटावर बोटं वाजवत जे सांगितलं होतं, तेच जाणकारांनी इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं. मधला भाग सहाच्या ठेक्यावर आहे आणि हे गाणं बेस वाजवणाऱ्याचं आहे. गाण्यात पुढे एक सोलो येतो, तो बहुतेक जण गिटारचा समजतात. तोही बेसचाच.

पण गाण्याचं नाव? ते मात्र सापडेना. बाकी गाण्यांचं सोपं असतं. एखादी ओळ लक्षात ठेवायची आणि सायबर कॅफेत जाऊन टाइप करायची. इथं टाइप काय करणार? 'ढँ ढँ ढँ'? जी गोष्ट आम्हाला सोयीची वाटली होती, तीच इथं आडवी आली. त्यामुळे दोन वर्षं ते आमच्यासाठी 'सात नंबर'च राहिलं. 'ए, सात नंबर लाव.' बस्स.

मग २०१६ उजाडलं. ते वर्ष लातूरनं कसं काढलं, हे तुम्हाला बातम्यांमधून माहीत असेल. मांजरा धरण कोरडं, नळ बंद, सगळी भिस्त टँकरवर. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांजवळ गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमची बारावीची परीक्षा झालेली आणि ५ मेची सीईटी समोर. टँकरची खबर आली की वही टाकून बादल्या घेऊन पळायचं. कधी कधी रात्री उशिरापर्यंत रांगेत उभं राहायचं. एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा उदगीरच्या. पुढच्या माणसाचा पाय हलला की आपली बादली पायानं पुढे सरकवायची आणि पुन्हा थांबायचं. सात नंबरचा तो सावकाश भाग मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळला. त्यात घाई नाही, रड नाही. थांबलेला माणूस कसा श्वास घेतो, तसा तो भाग आहे.

योगायोग बघा, त्याच मार्च महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्यासारख्या ध्वनिमुद्रणांच्या आपल्या यादीत 'मास्टर ऑफ पपेट्स'चा समावेश केल्याचं जाहीर केलं. त्या यादीत गेलेला हा पहिला मेटल अल्बम. तिकडे वॉशिंग्टनमध्ये त्याला मान मिळत होता आणि इकडे लातूरच्या रांगेत त्याच अल्बममधलं गाणं दोन पोरं नाव माहीत नसताना ऐकत होती.

सीईटी झाली. स्कोअर विचारू नका, मी आज लिहिण्यावर पोट भरतो एवढं पुरेसं आहे. पेटी बांधली आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं गावी आलो. जूनचे दिवस. आमच्याकडे ७ जूनच्या सुमारास मृग निघतो. मृग म्हणजे मृग नक्षत्र, पेरणीचं नक्षत्र. मृगाचा पाऊस वेळेवर पडला तर वर्ष सावरतं. त्या वर्षी मृग निघाला, पण पाऊस नाही. बियाणं घरात, खत घरात आणि बाबा ओट्यावर. दिवसातून चार वेळा उठून आभाळ बघायचे आणि परत येऊन बसायचे. त्यांच्याशी काय बोलावं, हे मला कळत नव्हतं. मी शेजारी बसून सात नंबर ऐकत होतो.

'काय ऐकायलास रे?' बाबांनी विचारलं. मी एक इअरफोन त्यांना दिला. त्यांनी पूर्ण ऐकलं. साडेआठ मिनिटं! मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, 'बोल न्हाईत व्हय ह्याला?'

'नाहीत, बाबा.'

'बरं हाय. हलगीला तरी कुठं असतात?'

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्याकडे पोळ्याला हलगी वाजते, गोंधळात संबळ वाजतं, लग्नात सनई वाजते. तिथं कुणी विचारत नाही की याचे शब्द काय. अंगात ठेका शिरला की झालं. म्हणजे बिनशब्दाचं संगीत ही आमच्यासाठी परदेशी गोष्ट नव्हतीच. फक्त ते इंग्लिश फोल्डरमध्ये सापडलं, म्हणून मी त्याला इंग्लिश समजत होतो.

पाऊस उशिरा आला, पण आला आणि त्या वर्षी चांगला झाला. मी नांदेडला मास कॉमला प्रवेश घेतला. त्याच सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि फुकट डेटावर सगळं नांदेड तुटून पडलं. आमच्या एका सीनिअरनं नवाकोरा फोर जी फोन घेतला होता. त्यात गाणं ओळखणारं ॲप होतं. मी माझ्या डबड्या फोनवर सात नंबर लावलं आणि स्पीकर त्याच्या फोनला टेकवला. दहा-बारा सेकंद गेले. स्क्रीनवर आलं, 'ओरायन. मेटॅलिका.' दोन वर्षांची शोधाशोध, उत्तर दहा सेकंदांत. थोडा रागच आला!

मग मी ओरायन म्हणजे काय ते शोधलं. आणि हबकलो. ओरायन म्हणजे मृग नक्षत्र.

गंमत नाही, खरंच. हिवाळ्यात संध्याकाळनंतर आकाशात चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आणि मधे एका ओळीत तीन तारे दिसतात ना, तोच. ग्रीकांच्या गोष्टीत ओरायन हा शिकारी. आपल्या गोष्टीत तेच तारे म्हणजे हरण. चार तारे त्याचे पाय, मधले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण आणि पलीकडे झगझगणारा व्याध हा शिकारी. एकच आकाश, पण तिकडे जो मारणारा तो आपल्याकडे मार खाणारा. लोकमान्य टिळकांनी तर १८९३ साली याच नक्षत्रावर 'ओरायन' नावाचं इंग्लिश पुस्तक लिहिलं आणि वेदांचा काळ इसवीसनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेता येतो, असं त्यात मांडलं. म्हणजे हा शब्द मराठी माणसाला नवा नव्हता, मलाच माहीत नव्हता.

आणखी एक. जूनमध्ये मृग निघतो म्हणतात, तेव्हा आकाशात मृग दिसतच नाही. कारण त्या दिवसांत सूर्यच त्या बाजूला असतो, सूर्याच्या उजेडात ते तारे लपतात. शेतकरी ज्याची वाट बघतो, ते नक्षत्र नेमकं तेव्हाच नजरेआड असतं. हे वाचलं आणि मला ओट्यावरून आभाळ बघणारे बाबा आठवले. लगेच फोन लावला. 'बाबा, ते बिनबोलाचं गाणं होतं ना, त्याचं नाव मृग आहे.'

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, 'मृग हाय व्हय? मंग तरीच. सुरू व्हायला लई येळ लावतंय.'

ओरायनमागच्या माणसाची गोष्टही सांगायला हवी. क्लिफ बर्टन. मेटॅलिकाचा बेस वाजवणारा. जन्म १० फेब्रुवारी १९६२. लहानपणी पियानो शिकलेला, बाखचा भक्त. बँडमध्ये बेसवाल्याची जागा म्हणजे क्रिकेटमधल्या नॉन स्ट्रायकरची. तो नसेल तर खेळ होत नाही, पण फोटो त्याचा छापत नाहीत. बर्टननं ती जागा बदलली. ओरायनच्या श्रेयात जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिकसोबत त्याचं नाव आहे. अल्बम येऊन सात महिनेही झाले नव्हते, तोवर २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस रस्त्यावरून घसरून उलटली आणि बर्टन गेला. बसमध्ये झोपायच्या जागेसाठी त्यांनी पत्ते काढले होते. इस्पिकचा एक्का बर्टनला आला आणि त्यानं गिटारिस्ट कर्क हॅमेटची जागा मागून घेतली. वय चोवीस.

त्याच्या अंत्यविधीला ओरायन वाजवलं गेलं. शब्द नसलेलं गाणं. अशा वेळी शब्द सुचत नाहीतच, नाही का? नंतर बँड या गाण्याचे तुकडे कधीमधी वाजवायचा, पण अख्खं ओरायन स्टेजवर पहिल्यांदा वाजलं ते ३ जून २००६ ला, जर्मनीत. वीस वर्षांनी. बेसवर रॉबर्ट ट्रुहीयो होता.

मेटॅलिका भारतात आली २०११ साली. दिल्लीजवळ गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि ३० ऑक्टोबरला बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तो झाला. त्याआधी २००८ साली आयर्न मेडन मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये वाजवून गेले होते. मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक तर १९८६ पासून, म्हणजे या अल्बमच्याच वर्षापासून. आपल्याकडच्या मेटलच्या गप्पा निघाल्या की ही नावं येतात आणि यायलाच हवीत. त्या यादीत नांदेड-लातूर कुठंच नाही. आमच्याकडे ना बँड आले, ना कॅसेट, ना सीडी. आमच्याकडे आलं ते मेमरी कार्ड, तेही नाव पुसलेलं. पण आलं ना!

आज मी पुण्यात असतो, उदगीरही इथेच, हिंजवडीत. त्याच्या मीटिंग इंग्लिशमध्ये होतात, माझ्या मुलाखती कधी कधी. आता जमतं. पण वाक्य तोंडातून काढायच्या आधी मनात एकदा तपासून बघायची जुनी सवय दोघांचीही गेलेली नाही. तुमच्यापैकी कित्येकांची गेली नसेल. चकाचक कॅन्टीनमध्ये बसून सगळ्यांबरोबर हसताना, विनोद अर्धा सेकंद उशिरा कळणारे आपण खूप जण आहोत. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, 'दिवसभर बोलून बोलून तोंड दुखतं यार. घरी जाताना बसमध्ये सात नंबर लावतो. साडेआठ मिनिटं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.'

मला विचाराल तर ओरायनची यापेक्षा चांगली समीक्षा कुणी केलेली नाही.

तर मंडळी, एक काम करा. आज घरी जाताना लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, तिथं बेस ऐकूच येत नाही. हेडफोन हवा. पहिलं अर्धं मिनिट आवाज वाढवायचा मोह आवरा. चौथ्या मिनिटाला सगळं थांबेल, तेव्हा मांडीवर बोटांनी सहा मोजा. आवडलं तर याच बर्टनच्या हाताचं १९८४ चं 'द कॉल ऑफ कथुलू' ऐका, तेही बिनशब्दाचं. आणि हिवाळा असेल तर गच्चीवर जाऊन एकदा वर बघा. मधे एका ओळीत तीन तारे दिसले की तेच. पुण्या-मुंबईच्या उजेडातही ते दिसतात.